भिंतीपलीकडचं मूल

नसीम, तुला तीन मुठी माती द्यायला मला काही येता आलं नाही. कब्रस्तानात पुरुष गेले आणि आम्ही बायका तुझ्या चाकणच्या घरात बसून राहिलो. आमच्याकडंही बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तुझा भाऊ परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती. मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सवयीनं माझी नजर त्या मातीवर गेली. काळी, चिकट, थोडा मुरूम मिसळलेली. तुझ्या दफनाच्या दिवशीसुद्धा मी मातीचा पोत बघत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "नमुना घेतलास का?" हे मनात आलं आणि मला हसू फुटलं, त्याच्या मागोमाग रडू, आणि मग दोन्ही आवरेनात. तुझ्या भावजयीनं मला जवळ घेतलं. तिला वाटलं मी नुसती रडतेय.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय. आपलं ऑफिस तसंच आहे, भोसरीत, तुझ्या भावाच्या, सलीमभाईंच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, ग्रीसच्या वासासकट. तुझी खुर्ची मी हलवलेली नाही. परवा एका कुरियरवाल्यानं तिच्यावर पार्सल ठेवलं तर मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा सही न घेताच पळाला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. माझं डोकं तापलं की तू समोर सुपारी कातरल्यासारखी शांतपणे बोलत राहायचीस, आणि त्यानं ते आणखी तापायचं.

आपण काय काम करतो हे मला घरच्यांना कधी नीट सांगता आलं नाही. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागा, तिथली माती, तिथलं पाणी. मी मातीची इंजिनिअर, तू विषाची अभ्यासक. मी खड्डे घेऊन सांगायची की जमिनीत काय आहे आणि किती खोल गेलंय. तू सांगायचीस की त्यानं माणसाचं काय होईल. आणि मग दोघींनी मिळून लिहायचं की ही जागा किती स्वच्छ केली म्हणजे पुरे. या 'पुरे'पाशीच आपलं सगळं आयुष्य भांडण्यात गेलं बघ.

कारण शून्य कुणालाच देता येत नाही. जमिनीत मुरलेलं विष शेवटच्या कणापर्यंत निघत नाही. म्हणून ठरवावं लागतं: या जागेवर माणूस वर्षानुवर्षं वावरला, इथली धूळ त्याच्या नाकातोंडात गेली, तर त्यापायी किती जणांना जादाचा कर्करोग झालेला आपण चालवून घेऊ? दहा हजारांत एकाला? लाखात एकाला? दहा लाखांत एकाला? ती मर्यादा एकदा ठरली की उलटा हिशोब करायचा, म्हणजे मातीत विष किती राहिलेलं चालेल ते निघतं. मग पोकलेन लावून तेवढं खणायचं. पहिल्यांदा हे मी आमच्या सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लाखात एक म्हंजे लई चांगलं की गं. सून बघताना आमी त्येच म्हणायचो." तुला हे सांगितलं तर तू इतकी हसलीस की खाली सलीमभाईंनी पाना बडवायचं थांबवून विचारलं, वर काय झालं.

पण त्याच दुपारी हसू ओसरल्यावर तू म्हणालीस, "शुभा, सासूबाईंनी बरोबर धरलं. तो एक म्हणजे कुणाची तरी सूनच असते." आणि डबा उघडायच्या आधी मला हात धुवायला पाठवलंस. कोपरापर्यंत. साइटवरून आल्यावर तू मला कधीही बोटांवर पाणी घेऊन भागवू दिलं नाहीस. मला दोन मुलं आहेत, संसार आहे, केस पिकलेत, आणि तू मला बालवाडीतल्या बाईसारखी विचारायचीस, "कोपरापर्यंत?"

आपली शेवटची जागा म्हणजे ती प्लेटिंगच्या, लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याची. मालकानं कधीच टाळं लावलेलं, टाक्या गंजून फुटलेल्या, आणि क्रोमियम जमिनीत उतरलेलं. पावसाळा संपला की मागच्या भिंतीच्या पायथ्याला त्याचेच पिवळट पापुद्रे धरायचे. नव्या मालकाला तिथं गोदाम करायचं होतं, त्यासाठी जागा साफ झाल्याचा सरकारी शिक्का हवा होता, आणि शिक्क्यासाठी आपला अहवाल. भिंतीला लागूनच कामगारांच्या खोल्यांची वस्ती. लातूर-नांदेडकडची माणसं, आसपासच्या वर्कशॉपमधे शिफ्ट करणारी.

वस्तीतल्या लोकांना काय चाललंय ते सांगायला आपण गेलो होतो, आठवतं? मारुतीच्या देवळासमोर सतरंजी टाकलेली. मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं की घाबरायचं कारण नाही, आपण अशी मर्यादा ठेवू की लाखात फार तर एखाद्यालाच त्रास होईल. पुढं बसलेली लताबाई, कपड्यांना इस्त्री करणारी, मांडीवरची पोर सावरत म्हणाली, "मंग तो एक कोन हाय ते बी सांगा की मॅडम. म्हंजी त्याला आत्ताच गावाकडं धाडून देता येतंय."

लोक हसले. मीही हसले. तू हसली नाहीस. तू उठून तिच्याजवळ जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "मला माहीत नाही, लताबाई. कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येकाला तो एक धरून मोजायचं असतं." तिचं समाधान झालं असं नाही. ती म्हणाली, "मंग नीट मोजा." पण तिनं आपल्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही, आणि तू कप घ्यायच्या आधी तिच्याच मोरीवर हात धुतलेस.

परत येताना रिक्षात तू विषय काढलास. "आपण माणूस चुकीचा धरलाय." गोदाम होणार म्हणून हिशोबात आपण गोदामातला कामगार धरला होता. धडधाकट, वयात आलेला, शिफ्टपुरता तिथं असणारा, पायात बूट घालणारा. नियमानं ते बरोबरच होतं. तू म्हणालीस, भिंतीपलीकडं मुलं आहेत, मूल धर. मी म्हणाले, मुलं भिंतीपलीकडं आहेत म्हणूनच तर भिंत आहे. तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी या गावची नाहीच. "शुभा, तुझं सासर भोसरीचं. भिंत बघून थांबलेलं एक पोर तू इथं बघितलंयस का?"

आणि मग तू किल्ल्याचा मुद्दा काढलास. आपल्या सगळ्या कोष्टकांत मूल रोज किती माती गिळतं त्याचा आकडा असतो, पण तो परदेशी मुलांवरून काढलेला. अंगणात खेळणारी, गवतावर लोळणारी मुलं. तुझं म्हणणं असं की आपल्याकडच्या मुलांचा दिवाळीचा किल्ला त्या कोष्टकात बसत नाही. सहामाही परीक्षा संपली की पोरं माती आणतात, चाळतात, कालवतात, दिवसच्या दिवस गुडघाभर चिखलात बसतात. "आणि हात धुतात का मधे? एका हातात चिखल आणि एका हातात चिवडा." तू कोष्टकात एक नवी ओळ घातलीस: दिवाळीचा किल्ला. कडेला टीप: 'स्थानिक प्रथा.'

मी ती ओळ काढून टाकली. तू पुन्हा घातलीस. मी पुन्हा काढली. कारण मला डोळ्यांसमोर अहवाल मंजूर करणारी सरकारी समिती दिसत होती, आणि गोदामाचे मालक तर तोंडावरच म्हणाले होते, "काय राव मॅडम, सरकारी रिपोर्टात किल्ला? उद्या फटाक्यांचा पण हिशोब मागाल." मी तुला सांगितलं की आपलं हसं झालं तर बाकीचा अहवालही कुणी वाचणार नाही. तू म्हणालीस, "तू केलास का कधी किल्ला?" मी म्हटलं, आमच्या घरात भाऊ करायचे, मी पणत्या लावायची. तेव्हा तू तुझ्या लहानपणाचं सांगितलंस. चाकणला, खरा भुईकोट हाकेच्या अंतरावर असताना, तुमच्या आळीत दर दिवाळीला किल्ल्यांची चुरस लागायची, आणि शेजारच्या जोश्यांची मुलं नसीमशिवाय बुरुजाला हात लावायची नाहीत. सलीमभाई तुमच्या अब्बांच्या वखारीतून कांद्याची रिकामी पोती पळवून आणायचे. ती पोती चिखलात बुडवून विटांवर पसरली की डोंगर तयार. "अब्बांना वाटायचं पोती उंदरांनी नेली," तू म्हणालीस. "त्यांना उंदरांची नावंही माहीत होती."

गोष्ट मला आवडली, तरी ओळ मी घेतली नाही. मग तू दुसऱ्या बाजूनं आलीस. मूल धरायचं नसेल तर मर्यादा तरी कडक ठेव: लाखात एक नको, दहा लाखांत एक ठेव. त्यावर मात्र मी चिडले. मी म्हणाले, एवढं कडक केलं तर खणण्याचा पसारा इतका वाढेल की मालक जागा तशीच टाकून जाईल, आणि तुझी मुलं पुढची कितीतरी वर्षं त्या पिवळ्या पापुद्र्याशेजारी राहतील. लाखात एक धरलं तर यंदाच काम सुरू होतं. अर्धी भाकरी आज, का पूर्ण भाकरी कधीच नाही? तू म्हणालीस, अर्धी भाकरी कुणाच्या ताटातली, ते बघ. मी म्हणाले, तुला कामापेक्षा आकडा प्यारा आहे. तू म्हणालीस, तुला आकड्यापेक्षा शिक्का प्यारा आहे. त्या आठवड्यात आपण डबेही वेगवेगळे खाल्ले. खालून चहा आला तरी तू तुझा कप घेऊन खिडकीकडं तोंड करून बसायचीस.

खरं सांगू? मला वाटायचं या भांडणाला भरपूर वेळ आहे.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू ते आम्लपित्त म्हणत राहिलीस, मी मठ्ठा पाजत राहिले. पिंपरीच्या डॉक्टरांनी जेव्हा खरं नाव सांगितलं, तेव्हा कर्करोग बराच पसरला होता. तू मला फोन केलास आणि नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "शुभा, लाखात एक निघाले बघ मी. सासूबाईंना सांग." माझ्या तोंडी फोनवर शिवीच आली. तू ती ऐकून घेतलीस.

बातमी वस्तीत गेली तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला. मॅडमनं त्या मातीत हात घातले, म्हणून झालं. लताबाईनं नवस बोलला. आणि मी, एवढी शिकलेली, मीसुद्धा मनातल्या मनात तेच म्हणत होते. कुठल्या जागेवर, कुठल्या खड्ड्यापाशी, कुठल्या उन्हात? मी तुझ्यासमोर एकदा बोलून गेले आणि तू पडल्या पडल्या मला वर्गात उभं केलंस. "कर्करोग साध्या माणसालाही होतो. कारखाना नसलेल्या गावातही होतो. आपण मोजतो तो त्याच्यावरचा जादाचा. माझा कुठला, ते कुणालाच कळणार नाही. मलाही नाही." मग थोडा श्वास घेऊन म्हणालीस, "माझं नाव पुढं करून आकडा खाली आणू नकोस. एका माणसावरून आकडा ठरत नाही. तू माझ्यावरून ठरवलास तर उद्या कुणी धडधाकट म्हातारा उभा करील आणि म्हणेल, हा इथंच राहिला, याला काही झालं नाही. मग काय बोलशील?"

 

आपलं शेवटचं बोलणं दुपारचं, हॉस्पिटलातलं. खिडकीतून रस्त्यावरच्या बसचे हॉर्न येत होते. सासूबाईंनी तुझ्यासाठी भाजणीच्या चकल्या दिल्या होत्या, "नशीमला दे, तिला तिखट लागती." तुला एक तुकडाही खाववला नाही, पण डबा तू उशाशी ठेवून घेतलास. आणि मग तू जे म्हणालीस त्यानं मला तुझा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. तू म्हणालीस, "तुझाच आकडा घाल शुभा. लाखात एक. खणायला तरी सुरुवात होऊ दे."

मी म्हणाले, अजिबात नाही. तुझा आकडा घालणार. दहा लाखांत एक.

तू म्हणालीस, "आता तू माझ्यावर दया करतेयस."

मी म्हणाले, "आणि तू हार मानतेयस."

"हार नाही गं. वेळ मोजतेय."

आपण दोघी एकमेकींच्या जागी जाऊन भांडत होतो. तेवढ्यात सिस्टर आली, तिनं मला बाहेर काढलं, आणि मी दारातून म्हणाले, "उद्या बोलू." तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी तू बोलण्याच्या पलीकडं गेली होतीस. भांडण तसंच राहिलं, आणि अहवालात त्या आकड्याची जागाही मोकळीच राहिली.

तू गेल्यावर ती मोकळी जागा रोज माझ्याकडं बघायची. मालकांचे फोन सुरू झाले. सांत्वनाचे दोन शब्द, आणि लगेच, "मॅडम, तेवढा आकडा." मनात आलं की सरळ दहा लाखांत एक घालून टाकावं आणि खाली लिहावं, डॉ. नसीम यांच्या स्मरणार्थ. समितीतली माणसं काही दगड नाहीत, मृत माणसापुढं मान तुकवतात. तो आकडा मी टाइपसुद्धा केला. आणि तुझा आवाज ऐकू आला, भांडणातला नाही, तो थकलेला: माझं नाव पुढं करू नकोस. मी तो पुसला. मग तुझ्या सांगण्याप्रमाणं लाखात एक घातला, तर तुला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटलं. तोही पुसला. शेवटी फाइल बंद केली आणि म्हटलं, एकदा जागेवर जाऊन येते. डोकं चालत नसेल तेव्हा आपण दोघी तेच करायचो.

मुलांच्या परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. मी मागच्या बाजूनं, वस्तीतून गेले. लताबाईच्या खोलीबाहेर पोरांचा घोळका होता, आणि मधोमध गुडघाभर उंचीचा किल्ला. विटा रचून झालेल्या, बुरुज झालेले, पायऱ्या कोरणं चाललं होतं. लताबाईची राणी, त्या दिवशी मांडीवर होती ती नव्हे, थोरली, चौथीतली, सगळ्यांना हुकूम सोडत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "काकू, आमचा बुरुज बघा ना. याला रंग पण नाही लावला, मातीच पिवळी हाय!"



मी विचारलं, माती कुठून आणली. तिनं अभिमानानं दाखवलं. पावसानं भिंतीच्या पायथ्याची माती वाहून गेली होती आणि तिथं मूल आरामात जाईल एवढं भगदाड पडलं होतं. आत आपल्या खड्ड्यांतून काढलेला ढीग, त्यावरची निळी ताडपत्री एका बाजूनं उचललेली. पोरांनी सगळ्यात छान दिसणारी माती निवडली होती. तीच निवडणार ना! किल्ला करणारं कुठलंही पोर तीच निवडेल. आणि राणीच्या दुसऱ्या हातात चिवडा होता. मी शपथेवर सांगते, चिवडाच होता.

मी ओरडले नाही. आधी सगळ्यांना नळावर नेलं आणि हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, नखं घासून. मग लताबाईला तिच्या इस्त्रीच्या टेबलापाशी गाठून सरळ सांगितलं की ही माती कसली आहे. तिच्या हातातली इस्त्री तशीच राहिली, कापड करपल्याचा वास यायला लागला तेव्हा तिनं उचलली. ती म्हणाली, "मंग तो एक माजी राणी हाय का?"

तू नव्हतीस उत्तर द्यायला. मी म्हणाले, "नाही. दोन दिवस खेळल्यानं तसं होत नाही. वर्षानुवर्षं होत राहिलं तर भीती असते, ते आता होऊ द्यायचं नाही. पण राणीला धरून मोजायला पाहिजे होतं, ते राहिलं होतं." तिनं इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या दुसऱ्या मॅडम म्हनत हुत्या तसं?" मी म्हटलं, हो, त्या म्हणत होत्या तसंच.

किल्ला मोडावा लागला. वॉचमननं आणि मी मिळून ती माती ड्रममधे भरली, ढीग पुन्हा झाकला. पोरं रडायला लागली. एवढा मोठा गुन्हा त्या बुरुजानं केला तरी काय, त्यांना कळेना. राणी रडली नाही, ती रागावली. "तुमी मोठी माणसं काय बी मोडता," असं म्हणून पाठ फिरवून बसली. तिच्या त्या पाठीकडं बघून मला तू आठवलीस, खिडकीकडं तोंड करून चहा पिणारी.

ऑफिसात येऊन मी फाइल उघडली. तुझ्यावर दया नको, माझा हट्ट नको. मर्यादा लाखात एकच ठेवली, माझी, आणि शेवटी तुझीही. पण गोदामातला कामगार काढून टाकला आणि त्याच्या जागी भिंतीपलीकडचं मूल धरलं. कोष्टकात तुझी ओळ घातली: दिवाळीचा किल्ला, स्थानिक प्रथा. तुझी टीप होती त्याच्याखाली मी माझी जोडली, की हे लेखिकेनं जागेवर स्वतः पाहिलेलं आहे. मग उलटा हिशोब केला. मूल लहान, वजनानं हलकं, आणि माती गिळणार जास्त, त्यामुळं मातीत चालेल त्या विषाचा जो आकडा निघाला तो तू मागत होतीस त्याच्याही खाली गेला. दहा लाखांत एक म्हणून आपण कामगाराच्या हिशोबानं जेवढी माती खणली असती, त्याहून जास्त आता खणावी लागणार. मी खुर्चीत मागं टेकले आणि मोठ्यानं हसले. आपण दोघी महिनोन्महिने भांडलो ते चुकीच्या रकान्यावरून. आणि तुला ते पहिल्याच दिवशी रिक्षात कळलं होतं.

अर्थात मालक भडकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भगदाड विटांनी बुजवून घेतलं आणि फोटो पाठवला. "मॅडम, भिंत झाली पक्की. आता धरा कामगार." मी म्हटलं, भिंत पुढच्या पावसापर्यंत, मूल कायमचं. ते म्हणाले, मी दुसऱ्या कुणाकडून अहवाल करून घेईन. म्हटलं, जरूर घ्या, पण मी पाहिलेलं मी समितीपुढं सांगणारच आहे. बैठक दिवाळीनंतर आहे. मंजूर होईल का, मला माहीत नाही. हसतील कदाचित. हसू देत. हसून झालं की लताबाईला पुढं बसवणार आहे.

एक उरलं होतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी भावाच्या शेतातली लाल माती टेम्पोत भरून आणली. सलीमभाईंना सांगितलं तर ते गॅरेज बंद करून बरोबर आले. काखेत दोन पोती, खरीखुरी गोणपाटाची, चाकणच्या बाजारातून शोधून आणलेली. वस्तीत कुणाशी फार न बोलता खाली बसले आणि बादलीत चिखल कालवायला लागले. राणी अजून रुसलेली होती, लांबून बघत होती. सलीमभाई तिला म्हणाले, "ए बेटा, इकडं ये. पोतं आधी पुरतं भिजवायचं, मग विटांवर टाकायचं. माझी बहीण असंच करायची. तिचा बुरुज भल्याभल्यांना पाडता यायचा नाही." राणी आली. आधी नाक उडवून उभी राहिली, मग तिला राहवेना आणि तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं.

तुझ्या भावानं मान वर केली नाही. त्याच्या दाढीवरून चिखलात काय पडत होतं ते मला दिसलं, आणि मी दुसरीकडं बघितलं.

मी कधी किल्ला केलेला नाही हे तुला सांगितलं होतंच. राणीनं मला एक जागा नेमून दिली, बुरुजाच्या पायाशी, आणि सांगितलं, "इथं दाबून बसवा, ढिलं नको." मी मूठभर माती घेतली आणि दाबली. मग आणखी एक मूठ. मग आणखी एक. सलीमभाईंनी एकदा माझ्या हाताकडं बघितलं.

नंतर सगळ्या पोरांना नळावर नेलं, कोपरापर्यंत. मी मात्र धुतले नाहीत. घरी जाईपर्यंत नखांत ती माती तशीच ठेवली. तू रागावशील, माहीत आहे. पण माती स्वच्छ होती गं. मीच तपासली होती.